देव आनंदशिवाय 'हम दोनो'

'हम दोनो' म्हटलं की आपल्याकडे एका विशिष्ट वयाच्या माणसाची मान आपोआप तिरकी होते आणि तो गालातल्या गालात देव आनंदसारखं हसू लागतो. त्या चित्रपटातले दोघंही देव आनंदच होते, त्यामुळे कोण चांगला हा प्रश्नच मिटला. १९६१ सालचा तो चित्रपट, संगीत जयदेवचं. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी म्हणतोय तो 'हम दोनो' १९६९ सालचा. ती एक रेकॉर्ड आहे, लंडनची, आणि तिच्यातले दोघं खरोखरच दोन आहेत. एक जमेकाचा, दुसरा आपला. जमेकाचा जो हॅरियट, तो सॅक्सोफोनवर. आपला अमान्सियो डिसिल्वा, तो गिटारवर.

डिसिल्वा हे नाव घेतल्याबरोबर आमच्या वसईत निदान पन्नास माणसं "हो हो, ओळखतो की!" म्हणतील. वसईच्या बाजारात मोठ्यानं 'डिसिल्वा' अशी हाक मारून पाहा, केळी घेणारे दहाजण आणि केळी विकणारे चारजण मागे वळतील. पण ते सगळे डिसिल्वा वेगळे. हा डिसिल्वा गोव्याच्या आईबापांच्या पोटी १९३६ साली मुंबईत जन्मला, १९६७ च्या सुमारास लंडनला गेला आणि १९९६ साली तिथेच वारला. त्याला इथे फारसं कुणी ओळखत नाही, म्हणून हा लेख.

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणानं बी.कॉम. आहे. अशा माणसानं जॅझवर लिहावं याचं कुणाला नवल वाटलं तर त्यात त्याची चूक नाही. जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, अशी आपल्या मध्यमवर्गात एक भक्कम समजूत आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणजे तिचा आधारस्तंभ. माझ्याकडे रेकॉर्ड चालू असली की ते जिन्यातून विचारतात, "अजून सूर लावताहेत वाटतं?" दुसरा आक्षेप त्यांच्या सौभाग्यवतींचा. "पण ते आपलं नाही ना हो!" हे वाक्य त्या हार्मोनियमच्या क्लासला जाता जाता म्हणतात. हार्मोनियम फ्रान्समधून आली आणि इतकी परकी ठरली की १९४० पासून तीस वर्षं आकाशवाणीनं तिला दारात उभं केलं नव्हतं, हे मी त्यांना सांगत नाही. शेजारधर्म आहे.

मनाला येईल ते, हा आरोप मात्र मला लागतो. कारण माझ्या दृष्टीनं जॅझइतकं हिशेबी संगीत दुसरं नाही. समजावून सांगतो; आकडे आले तर घाबरू नका.

जॅझमधली बरीचशी जुनी गाणी बत्तीस बारांची असतात. एका बारात चार मात्रा, म्हणजे एका फेरीत एकशे अठ्ठावीस मात्रा, म्हणजे आपल्या त्रितालाची नेमकी आठ आवर्तनं. या बत्तीसचे आठ-आठचे चार तुकडे पडतात. पहिला आणि दुसरा सारखा, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. अस्ताई, अस्ताई, अंतरा, अस्ताई. इथपर्यंत आपलं आणि त्यांचं घर एकाच आळीत आहे. फरक पुढे आहे. आपल्याकडे खाली तंबोऱ्याची जमीन स्थिर असते आणि गवई तिच्यावर हिंडतो. त्यांच्याकडे जमीनच चालते. खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे पुंजके, ठरलेल्या क्रमानं ठरलेल्या मात्रेला बदलत जातात. विरारच्या माणसाला हे सांगायला नको. डब्यात तुम्ही पत्ते खेळा, भजन म्हणा, भाजी निवडा. पण गाडी बोरिवलीला यायच्या वेळी तुम्ही दाराशी असलं पाहिजे. नसलात तर उतरता येत नाही. जॅझवाला प्रत्येक फेरीत अशी वीस-पंचवीस स्टेशनं घेतो, दर स्टेशनाला वेळेवर दाराशी असतो, आणि मधल्या वेळात असा वागतो की जणू याला कुठे जायचंच नाही.

हे मी ज्यांच्याकडून समजून घेतलं ते गृहस्थ दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत येतात. नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. आपण जिवंत आहोत हे पेन्शनर लोक यंत्रावर बोट टेकवून सिद्ध करतात. या गृहस्थांची सत्तरी उलटलेली, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. डावीकडची चारही बोटं टेकवून झाली, यंत्र काही घेईना. यंत्राच्या मते समोर कुणी नव्हतंच.

"तारांनी खाल्ली, साहेब," ते म्हणाले.

"कसल्या तारा?"

"गिटारच्या."

दिवसा सरकारी कचेरी आणि रात्री मुंबईच्या हॉटेलांत गिटार, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा दुहेरी संसार. शेवटी उजव्या अंगठ्यानं काम केलं आणि ते एक वर्षापुरते जिवंत ठरले. "आमच्यात अंगठ्याला फार मान आहे," ते हसून म्हणाले, आणि मागे रांग वाढत असताना त्यांनी मला वेस माँटगमरीची गोष्ट सांगितली.

आपल्याकडे अंगठेबहाद्दर हा काही गौरवाचा शब्द नाही. पण अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा हा वेस माँटगमरी, जॅझ गिटारवाल्यांतला थोरांतला थोर, अक्षरशः अंगठेबहाद्दर होता. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात वादन, घरात पोरंबाळं. मग रियाज कधी करणार? आणि पत्रीनं तार छेडली की आवाज भिंतीपलीकडे जातो. म्हणून हा अंगठ्यानं वाजवायला लागला. आवाज मऊ आला, शेजारी झोपले, आणि गिटारला एक नवा नाद मिळाला. विरारच्या एका खोलीत चौघं राहणाऱ्यांना याचं मोल मी समजावून सांगायला नको. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. चार्ली ख्रिश्चन या आधीच्या पिढीतल्या गिटारवाल्याच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून त्यानं ते वादन सुरासुराबरहुकूम पाठ केलं, आणि त्याला क्लबातलं पहिलं काम मिळालं तेही तेवढंच वाजवायला. दुसऱ्याचं पाठ केलेलं वाजवायचं आणि खाली उतरायचं. स्वतःचं म्हणून जे काही आलं ते त्यानंतर.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'उत्स्फूर्त' हा शब्द आपण फार उधळतो. मुदत ठेव न ठेवता व्याज मागायला येणारे लोक मी रोज बघतो. कलेतही ते असतातच. चार्ली ख्रिश्चन पंचविसाव्या वर्षी, १९४२ साली गेला. त्याची ठेव माँटगमरीनं जपली, आणि तिच्यावरचं व्याज आजतागायत जगभरचे गिटारवाले खात आहेत.

पण पाठांतराची ही ठेव खर्च कशी करतात ते प्रत्यक्षच पाहावं लागतं. ते मला दिसलं वसई गावात, एका लग्नाच्या रिसेप्शनला. बँडमध्ये आमचे हेच गृहस्थ गिटार घेऊन बसले होते. काळा सूट, चष्म्याला दोरी. नवरा-नवरी फोटो काढायला किल्ल्यात गेले होते आणि परतताना रहदारीत अडकले होते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो किल्ला घेतला तेव्हाही आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड अशी स्थिती नसावी. मांडवात पाहुणे फुगे आणि मटण खात होते, पोरं गुळगुळीत फरशीवर घसरत होती, आणि माइकवाला तरुण बँडला खुणेनं सांगत होता, चालू ठेवा, काहीतरी चालू ठेवा.

त्यांनी 'सॅटिन डॉल' काढलं. ड्यूक एलिंग्टनची १९५३ सालची चीज. बत्तीस बार, अस्ताई-अस्ताई-अंतरा-अस्ताई. नोटा मोजून माझ्या बोटांना सवय आहे. ती आपोआप मोजायला लागली.

पहिली फेरी त्यांनी सरळ वाजवली. मूळ व्हाउचर दाखवावं तशी. हे बघा, यात खाडाखोड नाही. दुसऱ्या फेरीत मूळ चाल गेली, पण खालचा सांगाडा तोच. एक एक सुटा स्वर, सावकाश, मधे श्वास घ्यायला जागा. तिसरीत वेग वाढला. चौथीत एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी, माँटगमरीच्या घराण्याची ही खूण. पाचवीत सबंध कॉर्डच्या कॉर्ड. विलंबित, मग बोल, मग तान अशी आपली बढत ज्यांच्या कानात आहे त्यांना हा जिना अनोळखी वाटणार नाही. कुणी कुणाचा जिना चोरला नाही. वर जायचं तर पायऱ्या लागतातच.

एका ठिकाणी त्यांनी असा स्वर लावला की मी दचकलो. त्या कॉर्डात तो बसतच नव्हता. आमच्याकडे अशी जुळत नसलेली रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतात आणि योग्य खातं सापडलं की तिथे वळती करतात. यांनी तो स्वर दोन मात्रा सस्पेन्समध्ये ठेवला. खालचा कॉर्ड बदलला आणि तो स्वर न हलता त्या नव्या घरात चपखल जाऊन बसला. आमच्या शाखेत या कामाला तीन आठवडे आणि दोन स्मरणपत्रं लागतात.

सहाव्या फेरीच्या अंतऱ्यात आणखी एक गंमत झाली. लुगड्यातली एक वृद्ध बाई कोपऱ्यात बशी घेऊन बसली होती. तिनं एकदम मान वर केली. इकडच्या लग्नात बायका म्हणतात त्या जुन्या गाण्याची एक ओळ त्यांनी एलिंग्टनच्या अंतऱ्यात विणली होती. जेमतेम चार बार. न्यूयॉर्कच्या घराला वसईचा दरवाजा बसवला आणि बिजागरी करकरलीसुद्धा नाही. बाई हसली, शेजारणीला कोपर मारलं, आणि पुन्हा मटणाकडे वळली. मांडवातल्या चारशे माणसांत तेवढी एकच दाद.

तेवढ्यात नवरा-नवरी आली. माइकवाला हात हलवू लागला, थांबा, थांबा. सातवी फेरी निम्म्यावर होती. त्यांनी वर बघितलंही नाही. उरलेला अंतरा घेतला, शेवटची अस्ताई मूळ चालीनं, पहिल्यासारखी स्वच्छ वाजवली, समेवर येऊन थांबले, आणि मग लग्नाचा मार्च. नवरीला अर्धा मिनिट दारात उभं राहावं लागलं. माइकवाला चिडला. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यांत सुंदर वादन त्या अर्ध्या मिनिटात होतं.

नंतर हात धुताना मी म्हटलं, "अंकल, सातही फेऱ्या पैशापर्यंत जुळल्या."

"जुळवाव्याच लागतात, साहेब," ते म्हणाले. "नाहीतर तो ड्रमवाला पोरगा हसतो."

त्या वादनाची कुणी रेकॉर्ड केली नाही. मुंबईतल्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेल्या गोव्याच्या किती वादकांचं असं झालं असेल! सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांची नावं आता अभ्यासक तरी घेतात, पण ज्या गाण्यांना त्यांनी वाद्यांचा साज चढवला त्यांच्या तबकड्यांवर ती शोधून सापडायची नाहीत. या हिशेबानं अमान्सियो डिसिल्वा नशीबवान. त्याच्या निदान रेकॉर्डी निघाल्या.

तो लंडनला पोचला तेव्हा तिथे भारतीय माणसाला फार मागणी होती, फक्त त्याच्या हातात सतार पाहिजे होती. बीटल्सच्या रेकॉर्डीत १९६५ साली सतार वाजली आणि तिथपासून ज्याला त्याला सतार. अशा गावात हा भारतीय गिटार घेऊन उतरला. वसईच्या माणसानं दादरला राजेळी केळ्यांऐवजी काश्मिरी सफरचंदं विकायला न्यावीत, तशातला प्रकार. सफरचंद चांगलं असेल हो, पण तुमच्याकडून नको.

जो हॅरियटनं तोपर्यंत सतारीचाही अनुभव घेतलेला होता. कलकत्त्याचा व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि हॅरियट यांची 'इंडो-जॅझ स्वीट' १९६६ साली निघाली. पाच भारतीय बाजूचे, पाच जॅझचे. तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. (साठे म्हटल्यावर "कुठले साठे?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल, माझ्याही आला होता.) ही रेकॉर्ड मी आदरानं ऐकतो. पण खरं सांगायचं तर ती दोन्हीकडच्या मंडळींची पहिली भेट वाटते. मुलीकडचे एका सोफ्यावर, मुलाकडचे समोरच्या सोफ्यावर, मधे पोहे. आधी हे बोलतात, मग ते बोलतात. कुणी कुणाला तोडत नाही. पुढे 'फ्यूजन' नावाखाली आपल्याकडे जे अमाप पीक आलं त्यातलं बरंचसं अजून त्या पोह्यांवरच आहे, फक्त पोह्यांचं तिकीट वाढलं.

'हम दोनो'त सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. हॅरियटचा सॅक्सोफोन, इअन कारचं ट्रम्पेट, डेव्ह ग्रीनचा बास, ब्रायन स्प्रिंगचे ड्रम आणि नॉर्मा विन्स्टन या गायिकेचा नुसता आकार, शब्दाविना. भारत आहे तो या एका गिटारीत, आणि तो शेरवानी घालून आलेला नाही, घरच्या कपड्यांत आहे. डिसिल्वा स्वर थेट क्वचितच गाठतो. शेजारच्या स्वरावरून येतो, उंबऱ्यावर किंचित रेंगाळतो, मग आत. खालची एखादी तार मधूनमधून षड्जासारखी वाजत ठेवतो. पण हे करताना जॅझचं एकही स्टेशन चुकवत नाही. बिबॉपवाल्यांचं व्याकरण त्यानं पाठ केलेलं आहे आणि ते कळतं. म्हणून मला वाटतं, शीर्षकातले 'दोनो' म्हणजे हॅरियट आणि डिसिल्वा नसावेतच. ते दोघं एकट्या डिसिल्वाच्या हातात आहेत.

दोषही सांगतो, नाहीतर ही समीक्षा न होता सत्कार होईल. हॅरियट तापला की गिटार दोन पावलं मागे सरकते, काउंटरवर "आधी तुमचं होऊ द्या" म्हणणाऱ्या सज्जन माणसासारखी. इतकी सज्जनता बरी नव्हे. हॅरियटचं त्या वेळी आयुष्य उताराला लागलेलं होतं. १९७३ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याची घाई समजू शकते. पण कधीकधी मला डिसिल्वाला मागून ढकलावंसं वाटतं.

डिसिल्वाच्या चिजांची नावं वाचली तर अर्धं रेशनकार्ड आणि अर्धं रेल्वेचं टाइमटेबल हाती येतं. बायको जॉइसच्या नावानं एक, मुलगा स्टेफानो याच्या नावानं एक; मग गंगा, जयपूर, गोवा, कोकण. यातलं 'जयपूर' त्यानं १९६९ या एकाच वर्षी दोन रेकॉर्डींत घेतलं, 'इंटिग्रेशन'मध्ये आणि 'हम दोनो'त. ज्यांना इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय समजून घ्यायचं असेल त्यांनी ही दोन लागोपाठ ऐकावीत. मुखडा तोच, गल्ल्या वेगळ्या. एकच यमन दोन मैफिलींत ऐकून "तेच तर गायले" असं म्हणणारा माणूस आपल्यात सहसा सापडत नाही. तेवढंच सौजन्य गिटारलाही दाखवायचं.

'हम दोनो' पुढे कितीतरी वर्षं बाजारात मिळत नव्हती. 'कोकण डान्स' नावाची त्याची रेकॉर्ड तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली आणि निघाली तीसेक वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर. आमच्याकडे ठेवीला दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, आणि तरीही वारस कागदपत्रं घेऊन आला तर व्याजासकट परत मिळते. कोकणच्या नावाच्या या ठेवीवर हक्क सांगायला कोकणातून कुणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ती बाहेर काढली ती तिकडच्याच हौशी लोकांनी.

आता हे सगळं फोनवर मिळतं. ऐकायचंच असेल तर 'बॅलड फॉर गोवा'पासून सुरुवात करा. संथ आहे, सकाळी सोसतं. वसई रोडला गाडीत शिरलात की लावा. खिडकी मिळाली तर भाईंदरच्या खाडीवर पाणी दिसेल, पण ती मिळणार नाही. आणि नायगावनंतर भजनी मंडळींनी झांजा बाहेर काढल्या तर कानातलं काढून ठेवा, त्यांचं ऐका. त्यांच्यातला पेटीवाला बुवा बोरिवलीच्या आत समेवर कसा येतो तेही मोजण्यासारखं आहे. डिसिल्वाचं उरलेलं अंधेरीपर्यंत होतं.